इंजिनाची भूक आणि इंजेक्टरचे माप

कार्ब्युरेटरच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडे पितळी जेटची एक छोटी डबी हमखास असायची. प्रत्येक जेटवर बारीक आकडा कोरलेला. आकडा वाढला की भोक मोठे आणि पेट्रोल जास्त. गाडी चढावर दम टाकू लागली की मेकॅनिक मेन जेट बदलून बघे, एक फेरी मारून येई आणि स्पार्क प्लग खोलून त्याचा रंग पाही. पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडते आहे, काजळी असेल तर जास्त होते आहे, विटकरी असेल तर जमले. ही रीत अंदाजाची होती, पण ती समजायला सोपी होती. जेटचे माप एकच आकडा होता आणि त्या आकड्याचा परिणाम प्लगवर दिसत होता.

इंजेक्टर आल्यावर भोकाच्या जोडीला वेळ आला. इंजेक्टर ही विजेवर उघडझाप करणारी झडप आहे. ती किती मिलिसेकंद उघडी राहावी, हे गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, दर फेऱ्याला ठरवतो. त्यामुळे लहान भोक जास्त वेळ उघडून किंवा मोठे भोक कमी वेळ उघडून तेवढेच पेट्रोल देता येते. मग विशिष्ट इंजिनाला विशिष्ट मापाचाच इंजेक्टर का लागतो? या साध्या प्रश्नावर गेली चार दशके कारखान्यांतले अभियंते आणि गॅरेजमधले ट्यूनर वेगवेगळी उत्तरे देत आले आहेत. पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांवर गेल्यापासून आपल्याकडच्या साध्या गाडीमालकाचाही या प्रश्नाशी संबंध आला आहे. तेव्हा ही चर्चा कुठवर आली आहे, ते क्रमाने पाहू.

प्रश्नाची पार्श्वभूमी

पेट्रोल फवारण्याची कल्पना जुनी आहे. १९५४ सालच्या मर्सिडीझ-बेंझ ३०० एसएलमध्ये यांत्रिक पंपाने सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल जात असे. विजेवर चालणारा इंजेक्टर अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने १९५७ च्या सुमारास आणला आणि १९५८ च्या काही क्रायस्लर गाड्यांत तो बसला, पण त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक्सला तो भार पेलला नाही. ते पेटंट पुढे बॉशने घेतले आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० वर डी-जेट्रॉनिक ही प्रणाली आली. १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत लॅम्डा सेन्सर आला. धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण बरोबर आहे की नाही हे तो सांगू लागला आणि ईसीयूला स्वतःची चूक स्वतः सुधारण्याची सोय झाली.

कारखान्यापुरता मापाचा प्रश्न तेव्हाही होता, पण तो बाहेर आला १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. याचे चांगले उदाहरण म्हणजे फोर्डची ५ लिटर मस्टँग. २२५ अश्वशक्तीच्या या आठ सिलिंडरच्या इंजिनावर तासाला १९ पौंड पेट्रोल देणारे इंजेक्टर होते. लोकांनी कॅमशाफ्ट बदलले, सुपरचार्जर बसवले, आणि १९ पौंडांचे इंजेक्टर अपुरे पडू लागले. २४ किंवा ३० पौंडांचे बसवावेत, तर ईसीयूच्या स्मरणात १९ हाच आकडा पक्का होता आणि तो बदलण्याची सोय तेव्हा सहज मिळत नव्हती. मग हवा मोजणारा सेन्सरच मुद्दाम कमी हवा दाखवेल असा बनवून विकला जाऊ लागला. हवा कमी दिसली की ईसीयू इंजेक्टर कमी वेळ उघडे, आणि मोठ्या इंजेक्टरमधून हिशेब बरोबर येई.

पण तो सगळ्या ठिकाणी बरोबर येत नव्हता. हवा कमी दिसली की इंजिनावरचा भारही ईसीयूला कमी वाटे आणि तो ठिणगी लवकर टाकी. आयडलवर गाडी थरथरे. इंजेक्टरची ओळख एका आकड्यात मावत नाही, हा धडा बऱ्याच ट्यूनरनी या गाडीवर गिरवला.

आपल्याकडे हे सगळे उशिरा पोहोचले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दिल्ली परिसरात १९९९ मध्ये युरो-१ आणि २००० मध्ये युरो-२ प्रदूषण निकष लागू झाले, आणि ‘एमपीएफआय’, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर, ही अक्षरे गाड्यांच्या मागच्या काचेवर झळकू लागली. दुचाकींत २००६ ची हिरो होंडा ग्लॅमर एफआय आणि २००७ ची बजाज पल्सर २२० डीटीएस-एफआय ही सुरुवातीची नावे. पल्सर २२० तर २००९ मध्ये पुन्हा कार्ब्युरेटरवर गेली. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ निकष आल्यावर मात्र बहुतेक दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला आणि डबीतल्या जेटबरोबर मापाची जुनी रीतही गेली.

सूत्राची वाट

माप ठरवण्याची सर्वांत रूढ पद्धत अश्वशक्तीपासून सुरू होते. एक अश्वशक्ती तासभर मिळवायला किती पेट्रोल जळते, याचा एक आकडा धरतात. टर्बो नसलेल्या इंजिनाला पूर्ण भारावर तो साधारण अर्धा पौंड, म्हणजे २२७ ग्रॅम मानला जातो; टर्बो असेल तर ०.६ पौंड, म्हणजे २७२ ग्रॅमच्या आसपास. या आकड्याला अश्वशक्तीने गुणायचे, इंजेक्टरच्या संख्येने भागायचे, आणि इंजेक्टर पूर्ण वेळ उघडा राहू नये म्हणून आणखी ०.८ ने भागायचे.

चार सिलिंडरचे १५० अश्वशक्तीचे इंजिन घेऊ. १५० गुणिले २२७ म्हणजे तासाला ३४ किलो पेट्रोल. प्रत्येक इंजेक्टरच्या वाट्याला साडेआठ किलो, म्हणजे मिनिटाला १४२ ग्रॅम. पेट्रोलची घनता ०.७४५ धरली तर १९० सीसी. त्याला ०.८ ने भागले की मिनिटाला सुमारे २४० सीसीचा इंजेक्टर. टर्बो लावून २५० अश्वशक्ती हवी असेल, तर हाच हिशेब ४७५ सीसीवर जातो.

सूत्राची ताकद अशी की कागद-पेन्सिलीवर पाच मिनिटांत उत्तर मिळते आणि ते फारसे चुकत नाही. मस्टँगला हेच सूत्र लावले तर तासाला सुमारे साडेसतरा पौंड येतात. फोर्डने १९ चे बसवले होते.

या पद्धतीवरचा आक्षेपही तितकाच वजनदार आहे. अश्वशक्तीमागे किती पेट्रोल जळेल हे ट्यूनिंग झाल्यावर कळते. मिश्रण किती गडद ठेवले, ठिणगी किती आधी टाकली, कॉम्प्रेशन किती आहे, यावर तो आकडा हलतो. म्हणजे जे कामाच्या शेवटी हाती येणार, ते सुरुवातीलाच गृहीत धरावे लागते. म्हणून दुसरा पक्ष म्हणतो, हवेपासून सुरुवात करा. दीड लिटरचे इंजिन ६,००० आरपीएमवर मिनिटाला ३,००० वेळा भरते, म्हणजे ४,५०० लिटर हवा, वजनाने सुमारे ५.३ किलो. पूर्ण भारावर हवा आणि पेट्रोलचे प्रमाण १२.७ ला १ ठेवायचे असेल, तर मिनिटाला ४१८ ग्रॅम पेट्रोल. सूत्राच्या भाषेत हे ११० अश्वशक्तीचे पेट्रोल झाले, आणि अशा इंजिनाकडून साधारण तेवढीच ताकद मिळते. टर्बो नसताना दोन्ही वाटा एकाच गावाला पोहोचतात. टर्बो आला की सिलिंडर किती भरेल आणि आत शिरणारी हवा किती तापलेली असेल, याचा अंदाज हवेच्या पद्धतीलाही बांधावाच लागतो. अंदाजाची जागा बदलते, अंदाज राहतोच. माझ्या मते नव्या माणसाने दोन्ही हिशेब करून त्यांतला फरक पाहावा. फरक मोठा निघाला तर कुठले तरी गृहीतक चुकले आहे, हे इंजेक्टर विकत घेण्यापूर्वीच कळते.

ऐंशी टक्के कशाचे?

सूत्रातल्या ०.८ वर आजवर सर्वांत जास्त वाद झाला आहे. इंजिनाचा एक पूर्ण फेरा म्हणजे क्रँकशाफ्टचे दोन वेढे. ६,००० आरपीएमला त्यासाठी २० मिलिसेकंद मिळतात. त्यांतला किती वेळ इंजेक्टर उघडा आहे, त्या टक्केवारीला ड्यूटी सायकल म्हणतात. ८० टक्के म्हणजे १६ मिलिसेकंद.

सावध मंडळी ८० च्या वर जाऊ नये म्हणतात. झडपेला बंद व्हायला वेळ लागतो. ती पुरती बसण्याआधीच पुढचा हुकूम आला तर पेट्रोल हिशेबाप्रमाणे न जाता हेलकावे खाते. शिवाय थंडीतली दाट हवा, थकलेला पंप, उतरलेली बॅटरी यांसाठी काही शिल्लक हवी. दुसऱ्या बाजूचे ट्यूनर सांगतात की ९० टक्क्यांपर्यंत चांगला इंजेक्टर इमानाने वागतो आणि गाडी त्या टोकाला काही सेकंदच असते. तेवढ्यासाठी मोठा इंजेक्टर घेऊन रोजची चाल कशाला बिघडवायची, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

या वादात एक गोष्ट बहुतेक वेळा सुटते. हुकूम मिळाल्यावर झडप उघडायला साधारण एक मिलिसेकंद जातो, आणि त्या वेळात पेट्रोल जवळजवळ येत नाही. याला डेड टाइम म्हणतात. त्यामुळे १६ मिलिसेकंदांच्या हुकमात पेट्रोल देणारा वेळ १५ च असतो, म्हणजे ८० ऐवजी ७५ टक्के. मोटरसायकलचे इंजिन १२,००० आरपीएमला गेले तर फेराच १० मिलिसेकंदांचा. ८० टक्क्यांतले ८, आणि त्यांतून एक वजा केला की ७०. सूत्र खऱ्या वाहत्या वेळाबद्दल बोलते, लॅपटॉपच्या पडद्यावर हुकमाचा वेळ दिसतो, आणि दोन माणसे एकाच आकड्यावर भांडताना दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतात. ८० टक्के हा कारच्या आरपीएमला साजेसा व्यवहारी ठोकताळा आहे. त्याच्या मागे निसर्गनियम शोधू नये.

खालचे टोक

आतापर्यंतची सगळी चर्चा वरच्या टोकाची झाली: इंजिनाला जास्तीत जास्त किती लागेल? खरी अडचण मात्र दुसऱ्या टोकाला आहे. इंजिनाला कमीत कमी किती लागेल, आणि तेवढे थोडके पेट्रोल हा इंजेक्टर मोजून देऊ शकेल का?

लहान चार सिलिंडरचे इंजिन आयडलवर तासाला सुमारे ०.७ लिटर पेट्रोल पिते असे धरू. ८०० आरपीएमला प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला ४०० वेळा उघडतो. हिशेब केला तर एका फवाऱ्यात ०.००७३ सीसी येतात. २४० सीसीच्या इंजेक्टरला तेवढे द्यायला १.८ मिलिसेकंद लागतात. ‘पुढेमागे उपयोगी पडेल’ म्हणून १,००० सीसीचा बसवला, तर फक्त ०.४४ मिलिसेकंद. आता डेड टाइमचा अंदाज एक दशांश मिलिसेकंदाने चुकला असे समजा. २४० सीसीच्या इंजेक्टरला ही चूक साडेपाच टक्क्यांची पडते, १,००० सीसीच्याला जवळजवळ २३ टक्क्यांची. पूर्ण भारावर, १५ मिलिसेकंदांच्या फवाऱ्यात, हीच चूक एक टक्काही भरत नाही. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, छान दिसलेली गाडी सिग्नलला उभी राहिल्यावर मिसिंग का मारते, याचे उत्तर बहुतेकदा इथेच असते.

डेड टाइम स्थिरही नसतो. व्होल्टेज उतरले की तो वाढतो. रात्री हेडलाइट, एसी आणि रेडिएटरचा पंखा एकदम चालू झाले की आयडल का डळमळते, ते यावरून समजते. शिवाय फवारा फारच छोटा असेल तर झडप पुरती उघडण्याआधीच परत बसते. त्या पट्ट्यात वेळ दुप्पट केला म्हणून पेट्रोल दुप्पट होत नाही. कारखाने या पट्ट्यासाठी ईसीयूमध्ये वेगळी दुरुस्ती ठेवतात. फोर्डच्या पद्धतीत लहान आणि मोठ्या फवाऱ्यांसाठी प्रवाहाचे दोन वेगळे उतार असतात. जनरल मोटर्सच्या पद्धतीत छोट्या फवाऱ्यांवर अधिकचा वेळ घालणारा तक्ता असतो.

यावरून दोन मते तयार झाली. पहिले मत जुने आहे: पुरेसा होईल तेवढाच, त्यातल्या त्यात लहान इंजेक्टर घ्यावा. आयडल शांत राहते, गाडी थंड असताना नीट सुरू होते, अॅक्सिलरेटर हळूच दाबला तर धक्का बसत नाही. दुसरे मत गेल्या पंधरा-वीस वर्षांत जोर धरून आहे. त्यानुसार आजच्या इंजेक्टरची झडप हलकी असते आणि ती लवकर उघडते. तिचा डेड टाइम, व्होल्टेजचा तक्ता, छोट्या फवाऱ्यांची दुरुस्ती हे सगळे निर्मात्याने मोजून दिले असेल आणि ते ईसीयूमध्ये नीट भरले असेल, तर १,००० सीसीचा इंजेक्टरही आयडलवर गुमान चालतो. दोन्ही मतांना अनुभवाचा आधार आहे. मला वाटते, त्यांच्यातला भेद मापापेक्षा माहितीचा जास्त आहे. ज्याच्याकडे इंजेक्टरची पूर्ण माहिती आणि ती भरता येईल असा ईसीयू आहे, त्याला दुसरे मत पटते. ज्याला बाजारातून फक्त ‘४४० सीसी’ असा शिक्का मिळतो, त्याने पहिले मत सोडू नये.

लॅम्डा सेन्सर चूक सुधारून घेतो, मग इतकी काळजी कशाला, असाही एक युक्तिवाद असतो. सेन्सर सुधारतो हे खरे, पण मर्यादेत. तो तापेपर्यंत, म्हणजे सकाळी गाडी सुरू करताना, त्याची मदत नसते. आणि त्याची बरीच दुरुस्ती इंजेक्टरची चूक झाकण्यात खर्ची पडली, तर हवेची गळती किंवा खराब पेट्रोल यांसाठी थोडीच उरते. आपल्याकडे याला पीयूसीची बाजूही आहे. बीएस-४ पासूनच्या पेट्रोल गाड्यांत आयडलचा धूर तपासतातच. शिवाय २,५०० आरपीएमच्या आसपास लॅम्डा, म्हणजे मिश्रण बरोबर असताना १ येणारा आकडा, ०.९७ ते १.०३ मध्ये असावा लागतो. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनेही आहेत. रस्त्यावरच्या गाडीचा विचार करणाऱ्याने हे सुरुवातीलाच धरून चालावे.

दाब वाढवावा, की संख्या?

इंजेक्टर न बदलता जास्त पेट्रोल मिळवण्याचा मार्ग म्हणजे दाब वाढवणे. पण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३ बारचा दाब ४ बार केला, म्हणजे एक तृतीयांशाने वाढवला, तरी प्रवाह वाढतो १५ टक्केच. इकडे दाब वाढला की पंपाची क्षमता घटते आणि झडपेला जास्त जोराविरुद्ध उघडावे लागते, म्हणजे डेड टाइमही हलतो. थोडी कमतरता भरून काढायला हा मार्ग ठीक आहे, यावर बहुतेकांचे एकमत आहे.

टर्बोच्या गाडीत आणखी एक बारकावा येतो. आजकाल अनेक गाड्यांत दाबाचे नियंत्रण टाकीतच असते आणि तो कायम एकच राहतो. मॅनिफोल्डमध्ये टर्बोने १ बार दाब चढवला की ३ बारपैकी इंजेक्टरच्या दोन तोंडांमधला खरा फरक २ बारच उरतो आणि प्रवाह १८ टक्क्यांनी घटतो, तोही इंजिनाला सर्वांत जास्त पेट्रोल लागत असताना. अशा गाडीला बाहेरून टर्बो बसवला आणि इंजेक्टरचे माप शिक्क्यावरून ठरवले, तर ते हमखास कमी पडते.

दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर. ट्यूनर मंडळी ताकदीसाठी असे करतात: खाली एक लहान, वर दुसरा जोडीला. कारखान्यांनी हीच रचना वेगळ्या हेतूने घेतली. सुझुकीच्या ड्युअलजेट इंजिनात, जे आपल्याकडे २०१९ च्या बलेनोपासून दिसू लागले, प्रत्येक सिलिंडरच्या दोन इनटेक पोर्टांना एकेक इंजेक्टर आहे. झडपेच्या जवळून बारीक फवारा मिळावा आणि भिंतीला पेट्रोल कमी चिकटावे, हा उद्देश. भिंतीला चिकटणाऱ्या या पेट्रोलचा अभ्यास फोर्डच्या सी. एफ. अॅक्विनो यांनी १९८१ मध्ये मांडला आणि त्यांचे प्रारूप ट्यूनिंगमध्ये आजही वापरात आहे. त्यातून एक मुद्दा पुढे येतो: सीसीचा आकडा तोच असला तरी फवाऱ्याचा कोन आणि थेंबांचा आकार बदलला की गाडीचा पिकअप बदलतो. मापाच्या चर्चेत फवाऱ्याच्या या गुणांना अजून पुरेशी जागा मिळालेली नाही.

शिक्क्यावरचा आकडा

इंजेक्टर मोजण्याच्या पद्धतीसाठी अमेरिकेतल्या एसएई या संस्थेचे जे-१८३२ हे मार्गदर्शक प्रमाण आहे. मोजणी पेट्रोलवर न करता एन-हेप्टेन या द्रवावर करतात, कारण पेट्रोलचा गुण पंपागणिक बदलतो. पण हेप्टेन पेट्रोलपेक्षा हलके असल्याने घनफळातला आकडा सुमारे चार टक्क्यांनी जास्त येतो. दाबाचा फरक आणखी मोठा. ३ बारला ४४० सीसी देणारा इंजेक्टर ४ बारला ५०८ देतो, आणि बाजारात तो दोन्ही नावांनी विकला जाऊ शकतो. कोणत्या दाबावर आणि कोणत्या द्रवावर मोजले हे न सांगितलेला आकडा अर्धवट आहे.

एका गॅरेजमध्ये मी टेस्टिंग बेंचसमोर बराच वेळ उभा राहिलो आहे. चार काचेच्या नळ्या, वर चार इंजेक्टर, आणि पातळी सारखी चढते का हे डोळ्यांनी पाहायचे. क्लीनिंगआधी एक नळी मागे होती, नंतर चारही सारख्या झाल्या. गाडीमालक समाधानाने गेला, आणि ते समाधान खोटे नव्हते. पण त्या मेकॅनिकने मग तीच चाचणी छोट्या फवाऱ्यांवर लावली, तेव्हा चारांपैकी एक पुन्हा मागे पडला. पूर्ण उघडे असताना सारखे असलेले इंजेक्टर आयडलच्या फवाऱ्यात सारखे असतीलच असे नाही. बेंचवर ही दुसरी चाचणी मागून घ्यावी, असे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

इथेनॉल

साध्या पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ च. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इथेनॉल जास्त द्यावे लागते. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी, हे प्रमाण १३.५ च्या जवळ येते. घनतेतला फरक धरला, तर शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे साडेसात टक्के जास्त घनफळ. ई-१० शी तुलना केली तर चार टक्क्यांच्या आसपास. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ई-२० वर सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता.

इंजेक्टरच्या मापापुरते बोलायचे तर बहुतेक मूळ स्थितीतल्या गाड्यांना हा वाढीव भार झेपण्यासारखा आहे. लॅम्डा सेन्सरच्या दुरुस्तीत तो बसतो आणि ड्यूटी सायकलच्या शिल्लकीतही. प्रश्न उरतो तो ताकद वाढवलेल्या गाड्यांचा. ज्यांनी ई-१० वर ९० टक्के ड्यूटी सायकल गाठून ट्यूनिंग केले, त्यांची शिल्लक ई-२० ने खाल्ली. पूर्ण थ्रॉटलवर अनेक ईसीयू सेन्सरकडे पाहत नाहीत, ठरलेल्या तक्त्यावर चालतात. तिथे मिश्रण नकळत फिके होऊ शकते.

ब्राझीलचा अनुभव इथे उपयोगी आहे. २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल टोटल फ्लेक्स आली आणि तेव्हापासून तिथल्या फ्लेक्स गाड्यांचे इंजेक्टर पूर्ण इथेनॉलच्या हिशेबाने निवडले जातात. त्यात एक पेच आहे. नुसत्या इथेनॉलवर चालणाऱ्या गाडीत वरची गरज वाढते तशी आयडलचीही वाढते, त्यामुळे मोठा इंजेक्टर तितका त्रास देत नाही. फ्लेक्स गाडीला मात्र पेट्रोलवरचे आयडल आणि इथेनॉलवरचा पूर्ण भार, दोन्ही एकाच इंजेक्टरने सांभाळायचे असतात. वरच्या उदाहरणातल्या २५० अश्वशक्तीच्या इंजिनात पूर्ण भाराचा फवारा आयडलच्या सतरा पट येतो. ८५ टक्के इथेनॉलला ४० टक्के जास्त इंधन धरले, तर हे अंतर चोवीस पटीच्या घरात जाते. महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातले इथेनॉल आणि २०२३ मध्ये नितीन गडकरींच्या हस्ते दाखवली गेलेली इनोव्हाची फ्लेक्स-इंधन आवृत्ती पाहता हा पेच आपल्याही दाराशी येणार आहे.

थेट इंजेक्शनपुढे जुने हिशेब

१९९६ मध्ये मित्सुबिशीने गॅलंटमध्ये आणलेले थेट इंजेक्शन आता सर्वदूर पसरले आहे. चाकणला बनलेल्या पोलोच्या टीएसआय इंजिनामुळे आपल्याकडच्या ट्यूनरनाही ते परिचयाचे आहे. इथे पेट्रोल सिलिंडरमध्येच जाते, आणि त्यासाठी पूर्ण फेरा मिळत नाही. ६,००० आरपीएमला इनटेकचा स्ट्रोक ५ मिलिसेकंदांचा. साध्या इंजेक्टरला १६ मिलिसेकंदांत जे द्यायचे, ते इथे त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास वेळात. म्हणून दाब २००, ३५० बारपर्यंत गेला. ड्यूटी सायकलचे ८० टक्के इथे निरुपयोगी आहेत. पाहायची ती खिडकी, म्हणजे पेट्रोल आत देण्यासाठी मिळणारा वेळ.

मोठा इंजेक्टर बसवून खिडकी गाठता येते. पण फवारा मोठा झाला की तो पिस्टनच्या माथ्याला आणि सिलिंडरच्या भिंतीला भिजवतो आणि काजळीचे कण वाढतात. बीएस-६ मध्ये या इंजिनांना कणांच्या संख्येचीही मर्यादा आहे, आणि एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चाचणीचीही अट आली. काही जण उच्च दाबाचा पंप बदलतात, काही मूळ थेट इंजेक्टर तसेच ठेवून पोर्टमध्ये जुन्या पद्धतीचे इंजेक्टर जोडतात. टोयोटाने २००५ पासून काही इंजिनांत कारखान्यातूनच दोन्ही पद्धती एकत्र दिल्या आहेत. त्या मार्गाने इनटेक व्हॉल्व्हवर काजळी बसण्याचा थेट इंजेक्शनचा दोषही कमी होतो. पण एकूण पेट्रोलपैकी किती पोर्टमधून आणि किती थेट द्यावे, कुठल्या आरपीएमला वाटणी बदलावी, आणि त्या बदलाच्या क्षणी भिंतीला चिकटलेल्या पेट्रोलचा हिशेब कुठल्या खात्यात धरावा, हे सध्या प्रत्येक ट्यूनर आपापल्या डायनोवर स्वतंत्रपणे ठरवतो आहे.